गडग्यापलीकडच्या मामास

दिवेआगर
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप तात्या,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझे गुडघे आता वाकत नाहीत आणि सध्या मनही वाकत नाही. तेव्हा उभ्यानेच नमस्कार.

पाकिटावरचं तिकीट बघून चकित होऊ नकोस. तुझ्या-माझ्या घरात एक बुटका दगडी गडगा तेवढा आहे आणि मांजर त्यावरून दिवसभर ये-जा करते. पण मी हाताने चिठ्ठी दिली तर तू घेणार नाहीस. रितेश पोस्टमनने आणलेलं टपाल नाकारणं मात्र तुझ्या शिस्तीत बसत नाही. म्हणून हे पत्र आधी पोस्टात जाईल, कुठे कुठे फिरेल आणि शेवटी माझ्याच दारावरून तुझ्याकडे येईल. रितेश मला म्हणाला, "काकू, हाक मारलीत तरी ऐकू जाईल की." मी म्हटलं, ऐकू जातं रे, पोचत नाही.

गणपतीपासून आपण बोलत नाही. गावाला वाटतं, अनूने नेहमीसारखं काहीतरी तोंड सोडलं असणार. म्हणून काय झालं ते एकदा कागदावर उतरवून ठेवते. पुढेमागे तू म्हणशील की असं काही झालंच नाही.

माझ्या प्रणालीने, लग्न ठरवलं त्या मुलाचं नाव परशुराम आहे असं फोनवर सांगितलं तेव्हा तू खूश झालास. "नावावरून घर कळतं," असं वहिनीला म्हणालास. मग तो आला, तुझ्या ओटीवर चढला आणि तुझ्या तोंडचं पाणी पळालं. काळा कुळकुळीत, केस लोकरीसारखे, ओठ जाड. तू उठून उभा राहिलास, पुन्हा बसलास आणि विचारलंस, "मूळचे कुठले आपण?" तो म्हणाला, "यल्लापूर. कारवारच्या वर." तू म्हणालास, "ते झालं. त्याआधी?" "त्याआधीही यल्लापूर, मामा. आजोबा-पणजोबा तिथलेच." "हो, पण मूळ?" शेवटी तोच हसला. म्हणाला, "सिद्दी आम्ही. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलं आमच्या लोकांना, गुलाम म्हणून. तिथलं गाव आम्हालाही ठाऊक नाही."

इथे कुणीही शहाणा माणूस "मोदक घ्या" म्हणाला असता. तू सुश्रुतच्या मुलांना हाक मारलीस. आपली नातवंडं त्याच्यासमोर उभी केलीस आणि त्याला म्हणालास, "जरा उजेडाकडे तोंड करा." मग कपाळ, नाक, जबडा, केस. शाळेत फळ्यावर काढायचास ते मानवाचे तीन वंश, आता जिवंत नमुन्यासकट. पोरं बिचारी जमिनीकडे बघत होती. परशुरामने तोंड उजेडाकडे केलं, कारण तो तुझ्या घरी पाहुणा होता. प्रणाली उठून आत गेली.

आणि संध्याकाळी तू गडग्याशी येऊन मला म्हणालास, "अनू, हापूसवर बाभळीचं कलम बांधायला निघालीस." त्यावर मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पाकीट नीट चिकटलेलं नाही आणि रितेश चांगल्या घरचा मुलगा आहे.

आता मुद्द्याचं. लग्न दोन फेब्रुवारीला, वसंत पंचमीला, माझ्या घरापुढच्या खळ्यात. मंगलाष्टकांच्या आधी गुरुजी हाक देतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. प्रणालीला मामा एकच आहे. तिचे बाबा गेले तेव्हा नऊ वर्षांची होती. आप्पांनी मला माहेरी, या घरी आणलं, पोफळींची अर्धी वाडी माझ्या नावे केली, पण पोरीला वाढवलं तू. परसात वाटाण्याचे वेल लावून, जांभळी फुलं कुठून आली नि पांढरी कुठे गेली, हे तूच तिला दाखवलंस. त्या वाटाण्यांच्या नादानेच ती आज हैदराबादेत प्रयोगशाळेत बसते. वादळात गडगा कोसळला तेव्हा तो तिनं आणि तू मिळून परत रचला. तिला दुसरा मामा नको आहे. ती म्हणते, येईल तो.

मला विचारशील तर मला तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तिला अडलंय. येणार की नाही, एवढं कळव.

अनुसूया

२० ऑक्टोबर २०२४

तात्या,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्डावर लिहिलंस, त्यामुळे पोस्टातल्या सगळ्यांनाही मिळालं.

"येणार नाही. त्या मुलाविषयी व्यक्तिशः राग नाही. परंतु वंश ही शास्त्रीय गोष्ट आहे, तिला भावनेने उत्तर देता येत नाही. गुडघ्यांना तेल लावत जा."

तेलाबद्दल आभारी आहे. शास्त्राबद्दल मी प्रणालीला फोन केला, कारण माझं शास्त्र दहावीला तुझ्याच वर्गात संपलं. मी विचारलं, "तुझा मामा म्हणतो वंश शास्त्रीय आहे. खरं काय ते सांग, आणि माझ्यावर दया करून सांग." ती म्हणाली, "आई, मामाने शिकवलं ते त्याच्या वेळच्या पुस्तकात तसंच होतं. पुस्तक बदललं. मामा निवृत्त झाला."

ती म्हणाली ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर लाल शाईने खूण कर. माणसाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. जगातली कुठलीही दोन माणसं घे, त्यांच्या मजकुरात हजारातलं साधारण एखादं अक्षर वेगळं निघतं. आणि जो काही थोडा फरक आहे, त्यातला बहुतेक एकाच गावातल्या, एकाच आळीतल्या दोन माणसांत असतो. तुझ्या-माझ्या आळीत जेवढं वेगळेपण सापडेल, त्याच्यावर फार थोडी भर आफ्रिका आणि दिवेआगर यांच्यामध्ये पडते. रंगाचं म्हणशील, तर तो थोड्याशा अक्षरांचा खेळ आहे. पूर्वज कुठल्या उन्हात राहिले ते त्याच्यावरून कळतं, बाकी काही कळत नाही. आंब्याच्या सालीवरून कोयीत भुंगा आहे का ते तुला कधी कळलंय का?

मी विचारलं, "मग तीन वंश?" ती म्हणाली, "रेघा कुठेच नाहीत, आई. हळूहळू बदलत जातं सगळं. रेघा मामाने फळ्यावर काढल्या." आणि एक सांगितलं, ते ऐकून मी खुर्चीत बसले. माणसांत सगळ्यात जास्त वैविध्य आफ्रिकेतच आहे. बाकी जग म्हणजे तिथून फार पूर्वी बाहेर पडलेल्या मूठभरांची पिलावळ. म्हणजे रोपवाटिका तिकडे, आणि आपण तिथून नेलेली चार रोपं. तू रोपवाटिकेलाच विचारत होतास, मूळ कुठलं?

ते दोघं भेटले कसे, हे तू विचारलं नाहीस. मी सांगते. प्रणाली यल्लापूरच्या बाजूला लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायला गेली होती. परशुराम तिथल्या दवाखान्यात औषधं देतो, दुभाष्या म्हणून त्याला बरोबर दिलं. सगळं रक्त गोळा करून झाल्यावर तो तिला म्हणाला, "तुम्ही आमचं नेलंत. तुमचं कुणी नेलं का?" हिने तिथेच बाही वर केली आणि त्याला म्हणाली, घ्या. मला जावई त्या दिवशीच पसंत पडला, फक्त कळायला मला दोन वर्षं लागली, कारण पोरीने सांगितलंच उशिरा.

ही भावना नाही, तात्या. हे तुझ्या भाचीचं शास्त्र आहे. त्याला उत्तर दे.

अनुसूया

१७ नोव्हेंबर २०२४

तात्या,

उत्तर नाही. तुझा खोकला मात्र ऐकू येतो. मी ऐकत नाही, येतो.

परशुराम दिवाळीनंतर दोन दिवस येऊन गेला ते तुला खिडकीतून दिसलंच असेल. पडदा हलत होता. त्याला घेऊन मी आणि कोकिळा मुरुडला साड्या बघायला गेलो. आपल्याकडे धुणंभांडी करायला येते ती कोकिळा. तिने आधी त्याला वाटेतच गाठलं. "जावयबापू, जंजिऱ्याचं का तुमी?" तो म्हणाला, "नाही मावशी, यल्लापूरचा." "मंग सिद्दी कसं?" "जंजिऱ्याचे ते राजे. आम्ही जंगलातले." कोकिळेने विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे गरिबाघरचं हाय. आमच्यासारकं. बेस झालं." तिची चौकशी एवढ्यात संपली. तुझी अजून चालू आहे.

दिघीहून फेरीबोटीत बसलो. आमच्या बाकावर एक पुण्या-मुंबईकडचं कुटुंब होतं, गॉगल, टोप्या. बाईंनी परशुरामला इंग्रजीत विचारलं, "विच कंट्री?" तो म्हणाला, "यल्लापूर." त्या म्हणाल्या, "ओ! हे कुठे आलं, घानाच्या जवळ?" यावर मी हसले, तोही हसला. इथवर ठीक होतं. मग तिच्या नवऱ्याने परशुरामच्या शेजारी बसलेली आपली लहान मुलगी उचलली आणि पलीकडच्या बाकावर नेऊन ठेवली. नुसती उचलली आणि ठेवली. परशुराम खाडीकडे बघू लागला. त्याने ते इतक्या सवयीने केलं, तात्या, की मला तिथेच भडभडून आलं.

मी उठले आणि त्या माणसाला म्हणाले, "अहो, मुलीला उचललंत ते बरं केलंत. इथे ऊन येत होतं. आता तिला परत इथे ठेवा, इथे माझा जावई बसलाय, त्याच्या सावलीत." अख्खी बोट बघायला लागली. त्याचा चेहरा पडला. मुलगी काही परत आली नाही. परशुराम हळूच म्हणाला, "आई, रोज कुठे भांडणार?" मी म्हटलं, "रोज. मला दुसरा उद्योग काय आहे? माझ्या खोल्यांत उतरायला पाहुणे शनिवार-रविवारीच येतात."

परत येताना त्याने आणखी एक सांगितलं. लहानपणी त्याला खेळाच्या शिबिरात नेलं होतं. का, तर हे लोक मुळातच पळण्यात तेज, हा गुण रक्तातच असतो म्हणे. हा प्रत्येक शर्यतीत शेवटचा आला. तळपाय सपाट आहेत त्याचे. मास्तर म्हणाले, तू मुद्दाम हळू पळतोस. मार खाल्ला त्याने. "मला वाचायचं होतं," म्हणाला, "पण वाचण्यासाठी आमचं रक्त कुणी तपासलं नाही." ते मास्तरही शास्त्रच सांगत होते, तात्या. तुझ्यासारखंच, सौम्य आवाजात.

तू वाईट माणूस नाहीस. तेच मला जास्त झोंबतं. वाईट असतास तर एका पत्रात काम संपलं असतं.

अनुसूया

२९ डिसेंबर २०२४

तात्या,

या वेळी कार्डाऐवजी पाकीट आलं. म्हणजे लाजण्यासारखं काही लिहिलं आहेस, हे उघडायच्या आधीच कळलं.

"मुलांचा विचार केलात का? ती ना इकडची ना तिकडची. रंग आणि केस त्यांना जन्मभर पुरतील. आपण शेकडो वर्षं जे राखलं ते एका पिढीत जाईल."

काय राखलं, ते जरा बघू या.

आधी तुझी बाभूळ. आंब्यावर बाभूळ जगत नाही, कारण ती जातच निराळी. माणूस मात्र जगाच्या पाठीवर एकच जात आहे, हे तू सातवीच्या वर्गाला शिकवायचास. मी मागच्या बाकावर होते. पण तुझी खरी चूक हापूसपाशी झाली, आणि ती आपल्यासारखा बागायतदारच करू शकतो. आपण आयुष्यभर कलमं बांधली, म्हणून माणसांनाही कलमं समजून बसलो. हापूस म्हणजे एकाच झाडाची फांदी, पुन्हा पुन्हा बांधलेली. खापरपणजोबांच्या परसातली आणि तुझ्या परसातली सारखीच. म्हणून तो शुद्ध. पण आईबापाच्या फांदीवरून माणूस कधी बांधला गेलाय का? माणूस कोयीतून येतो. दोन झाडांचं मिसळून तिसरंच उगवतं, आणि कुठली कोय कशी निघेल ते सांगता येत नाही. आपण सगळे रायवळ आहोत, तात्या. तू, मी, परशुराम, बोटीतला तो गॉगलवाला. कुणी आंबट, कुणी बाठा मोठा, कुणी नुसता दोर. पण हापूस कुणी नाही.

आणि हापूसला शुद्धतेबद्दल मिळतं काय? साका. वरून सोन्यासारखा, कापला की आत पांढरा, खराब. एकाला झाला की सगळ्यांना होऊ शकतो, कारण सगळे एकच. रायवळात कधी साका बघितलास? आपण घरांच्या एका लहानशा रिंगणात फिरून फिरून सोयरिकी केल्या, त्यालाच तू राखणं म्हणतोस. बनूआत्याचे दोन्ही मुलगे आठवतात का? रातांधळेपणा आधी, मग पुरतं आंधळेपण. तिच्या सासरचेही आपल्याच नात्यातले होते. प्रणाली म्हणते, दोन्हीकडून तेच एक सदोष अक्षर आलं की असं होऊ शकतं. दोघांचे डोळे काय सुंदर घारे होते. आत्या कौतुकाने सांगायची. दिसत नव्हतं त्यातून, एवढंच.

आणि आपल्या मूळपुरुषांची कथा तूच सांगतोस ना दर गणपतीत? समुद्रातून किनाऱ्याला लागलेली परकी प्रेतं, भगवान परशुरामाने उठवून बसवली, तीच आपली माणसं. खरी की खोटी ते देव जाणे. पण आपल्याच कथेत आपण वाहून आलेले आहोत. या आपल्या परशुरामचेही पूर्वज समुद्रावरूनच आले. फरक एवढाच की ते जिवंत होते आणि त्यांच्या पायांत बेड्या होत्या.

मुलांचं म्हणशील, तर हो, काळी होतील. कदाचित सावळी होतील, कदाचित त्यातल्या एखाद्याचे डोळे घारे निघतील आणि केस लोकरीसारखे. माझ्या मांडीवर झोपतील. त्यांना जन्मभर पुरेल ते केस नाहीत, तात्या. उजेडाकडे तोंड कर म्हणणारा आजोबा पुरेल. त्यांच्यासाठी तू केस बदलायला सांगतोस. मी तुला बदलायला सांगते. कुठलं सोपं आहे, तूच ठरव.

वहिनी काल दुपारी तू झोपल्यावर आली आणि माझ्या हळदकुंकवाच्या डब्या घासून गेली. तिला काही बोलू नकोस.

अनुसूया

२५ जानेवारी २०२५

तात्या,

सोबत पत्रिका आहे. निमंत्रक म्हणून माझं एकटीचं नाव आहे, कारण दुसरं कुणाचं विचारलं नाही. अक्षता पिवळ्या आहेत, घरीच केल्या.

गुरुजी परवा येऊन गेले. मामा येणार नाही म्हटल्यावर म्हणाले, "चुलतमामा चालतो, मानलेला मामाही चालतो. श्रीवर्धनचा कुणीतरी बघा, कोट घालून उभा राहील." मी म्हटलं, बघते. खोटं बोलले. बघणार नाही. कोट घातलेला कुणीही मला मिळेल, पण प्रणालीला तुझ्या जागी भाड्याचा माणूस नको आहे. ती अजून म्हणते, मामा शेवटच्या क्षणी येईल. तिला तुझ्या वाटाण्यांवर भरवसा आहे.

परशुरामची आई काल आली. आयुष्यभर दुसऱ्याच्या सुपारीच्या बागेत सुपारी सोलली, तिचे हात अजून तपकिरी आहेत. आल्या आल्या तिने वाडीत फेरी मारली, एकेका पोफळीकडे मान वर करून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "स्वतःची हाय ना? बरं हाय." मग तिने विचारलं, मुलीचे मामा कुठे आहेत, मला त्यांना नमस्कार करायचाय. त्यांच्यातही मामाचा मान मोठा. मी गडग्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, बरं नाहीये त्यांना. हेही खोटं. की खरं, ते तू सांग.

नात्यातल्या काही घरांनी येत नाही म्हणून कळवलंय. कुणाला त्याच दिवशी दुसरं लग्न निघालं, कुणाला कंबर. एवढ्या कंबरा एकदम धरलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. माझं काही बिघडत नाही. माझ्या पोळ्या वाचल्या.

हे माझं शेवटचं मागणं, आणि मी ते मागणं म्हणूनच लिहिते, टोमणा म्हणून नाही. ये. त्याच्याशी बोलू नकोस हवं तर. माफी मागू नकोस. त्याच्याकडे बघूही नकोस. फक्त पोरीचा हात धर आणि अंतरपाटापर्यंत आण. बारा पावलंही नाहीत. तिला तू हवा आहेस आणि, आता लिहूनच टाकते, मलाही.

मुहूर्त सकाळचा आहे. गडग्याचं फाटक मी तेल घालून ठेवलंय.

अनू

४ फेब्रुवारी २०२५

तात्या,

मंडप सोडला. पोरं काल संध्याकाळी गेली. घरात फुलांचा वास आहे आणि भांडी माझ्याच्याने उचलत नाहीत. त्यामुळे बसून लिहिते.

तू होतास. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तूही बघितलंस. कोट घातला होतास, मानेपर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर आप्पांची टोपी. गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," तेव्हा तू फाटकाच्या पलीकडे उभा होतास. कडीवर हात होता. प्रणाली माझ्या शेजारी, घरातून बाहेर पडलेली, शालू नेसलेली. तिनेही बघितलं. माझ्या हातात तिचा हात होता, तो गरम झाला. म्हणाली, "आई, मामा."

गुरुजींनी दुसऱ्यांदा हाक दिली. सगळे वळून बघायला लागले. तुझ्या पलीकडे वहिनी उभी होती, तोंडाला पदर लावून. अंतरपाटापलीकडे परशुराम पाटावर उभा होता, त्याला काही दिसत नव्हतं, नुसतं थांबलेलं कळत होतं. थांबायची त्याला सवय आहे. बोटीत बघितलं होतं मी.

तू कडी काढत होतास की धरून ठेवत होतास, मला अजून कळलेलं नाही. कदाचित एक श्वास थांबले असते तर फाटक उघडलं असतं. मी तेल घातलं होतं, आवाजही झाला नसता. तू आला असतास, सगळ्यांनी डोळे पुसले असते आणि गावात वर्षभर गोष्ट झाली असती, की बघा, तात्या शेवटी विरघळले. मला ते सगळं हवं होतं. मी चार महिने त्यासाठीच तिकिटं चिकटवत होते.

पण मी त्या मुलाकडे बघितलं, आणि माझ्या पोरीकडे, आणि मला वाटलं, हे लग्न एका माणसाच्या हातातल्या कडीवर थांबलंय. तो माणूस ठरवतोय की समोरचा मुलगा पुरेसा माणूस आहे की नाही. आणि आम्ही सगळे, पत्रिका वाटून, मंडप घालून, उन्हात उभे राहून, त्याच्या निकालाची वाट बघतोय. मी स्वतःच तुला त्या जागेवर उभं केलं होतं, पत्र लिहून लिहून.

गुरुजी म्हणाले, "मामा नसतील तर..." मी म्हटलं, "मामा आहेत. त्यांना वेळ लागतोय. मुलीला मी आणते." ते म्हणाले, "आईनं आणायची पद्धत नाही." आणि हळूच, कारण ते सभ्य आहेत, "त्यातून तुम्ही..." विधवा, असं म्हणायचं होतं त्यांना. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही मंगलाष्टकं सुरू करा. पद्धतीचं मी बघते." परशुरामच्या आईने ते ऐकलं. ती आपल्या जागेवरून उठली, प्रणालीच्या पलीकडे येऊन उभी राहिली आणि तिचा दुसरा हात धरला. तीही विधवाच आहे. आम्ही दोघींनी तिला नेली. गुरुजींनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि आवाज चढवला.

मागे वळून मी बघितलं नाही. पण गडग्यापलीकडून पहिल्या मंगलाष्टकात कुणाच्या तरी अक्षता येऊन माझ्या पाठीवर पडल्या. पिवळ्याच होत्या. तुझ्या असतील, वहिनीच्या असतील. मी विचारणार नाही.

मी तुझ्यावर रागावलेली नाही, हे लिहायचं होतं, पण ते खरं नाही. रागावलेय. आणि तू तिथवर आलास म्हणून माझा जीव तुटतोय, हेही खरं आहे. तू आता येशील, आज नाहीतर उद्या, मला माहीत आहे. ये. चहा करीन. पोरं होळीला येणार आहेत, त्यांच्याशी जे बोलायचं ते तू बोल, तुझ्या तोंडाने, मी मध्ये पडणार नाही. पण मामाने न्यायची ती वेळ गेली, तात्या. ती तुझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि ती दुसरं कुणी घेऊन गेलं असं नाही. ती मी घेतली.

सगळे म्हणाले, आई किती रडली, एकुलती एक पोर, रडणारच. त्यांना तसंच वाटू दे. तुला सांगते, मी तुझ्यासाठी रडत होते, फाटकापासून अंतरपाटापर्यंत, पदराला नाक पुसत. पण पाऊल अडू दिलं नाही.

तुझी धाकटी बहीण,
अनुसूया